घर पडू नये म्हणून वाकडा खांब: इंडोनेशियातली पारंपरिक घरं आणि उत्क्रांती

१८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा इंग्रज माणूस सुलावेसी बेटावर मकासरच्या आसपास हिंडत होता, धंदा काय तर पक्षी, भुंगे, फुलपाखरं जमवून इंग्लंडला पाठवायची आणि त्यावर पोट भरायचं. हा तोच वॉलेस ज्याला पुढे दीडएक वर्षानं, इंडोनेशियातच, तापानं आजारी असताना नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली आणि त्यानं ती पत्रानं थेट डार्विनला कळवली. तर या माणसाचं लक्ष तिथल्या घरांकडेही गेलं. सगळी घरं उंच खांबांवर, आणि त्यातली बरीचशी एका अंगाला कललेली, कारण पश्चिमेचा वारा जोरात आणि तिरका टेका देण्याची पद्धत तिथे नव्हती. घर कलायला लागलं की वारा येतो त्या बाजूला जमिनीत खुंटी ठोकायची आणि घराचं मोठं लाकूड वेताच्या दोरानं त्याला बांधून टाकायचं, झालं काम.

मग त्याला काही घरांत वाकडेतिकडे खांब दिसले. त्याला वाटलं सरळ लाकूड मिळत नसेल बिचाऱ्यांना. एक दिवस काही माणसं कुत्र्याच्या मागच्या तंगडीसारखं वाकडं लाकूड वाहून नेताना दिसली, म्हणून त्यानं सोबतच्या तिथल्या पोराला विचारलं की हे कशाला? तर म्हणे घराच्या खांबाला. अरे पण सरळ लाकडं इथे ढिगानं पडलीत की! त्यावर पोरगा म्हणाला, असला खांब घरात असलेला बरा, मग घर पडत नाही. वॉलेसनं यावर विचार केला आणि त्याला पटलं की यात तथ्य आहे. सरळ खांबांची चौकोनी चौकट ढकलली की तिरपी होते, पण एखाद-दोन खांब वाकडे आणि एकमेकांच्या विरुद्ध बसले की ते टेक्याचं काम करतात, ओबडधोबड का होईना.

मला हा किस्सा भारी आवडतो, कारण सगळा विषय त्यात आलाय. कुणी भूमिती शिकून हा खांब बसवला नव्हता. कधीतरी कुणाच्या तरी घरात नाइलाजानं वाकडं लाकूड लागलं असेल, ते घर शेजाऱ्याच्या घरापेक्षा जास्त दिवस उभं राहिलं, लोकांनी ते पाहिलं आणि पुढच्या घराला मुद्दाम तसलं लाकूड शोधलं. (हा क्रम माझा अंदाज आहे हां, वॉलेसनं फक्त शेवट पाहिला.) फरक पडणं, त्यातलं काही टिकणं आणि टिकलेल्याची नक्कल होणं, एवढंच तर उत्क्रांतीला लागतं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, घरं काय पिल्लं घालतात का? बरोबर आहे, नाही घालत. म्हणून पहिली गोष्ट ही ठरवायला लागते की पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं ते नेमकं काय. लाकूड तर कुजतं, इंडोनेशियाच्या दमट हवेत आणि वाळवीत तर फारच लवकर. पुढे जाते ती घर बांधायची रीत, म्हणजे सुताराच्या डोक्यातले आणि हातातले नियम, आणि त्याला चिकटलेले विधी. बालीचं उदाहरण घ्या. तिथे घराचा जाणकार कारागीर असतो त्याला उंदागी म्हणतात, आणि तो मापं कशी घेतो तर घरमालकाच्या अंगावरून. पसरलेल्या हातांची लांबी, कोपरापासून बोटापर्यंतचा हात, मूठ, असं सगळं, आणि त्यावरून अंगण किती, ओसरी किती, दोन खांबांत अंतर किती हे निघतं. म्हणजे मालक बुटका असेल तर घराची मापं एक आणि उंच असेल तर दुसरी, दोन घरं तंतोतंत सारखी होणारच नाहीत, पण नियम मात्र तोच. जीवशास्त्रात जनुक वेगळं आणि त्यातून घडलेला देह वेगळा असं जे सांगतात ना, त्याच्या हे बरंच जवळ जातं. आपण फोटो काढतो तो देहाचा, आणि अभ्यास करायचा असतो नियमाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्क्रांती म्हणजे शिडी नाही. हे शंभर वेळा सांगूनही लोकांच्या डोक्यातून जात नाही. एकोणिसाव्या शतकात मॉर्गन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञासारख्या मंडळींनी समाजाच्या पायऱ्याच लावून टाकल्या होत्या, आधी रानटी, मग अर्धवट सुधारलेले, मग सुधारलेले (सर्वात वरच्या पायरीवर अर्थातच स्वतः!), आणि घरंही त्याच रांगेत उभी केली, गवताची झोपडी खाली, लाकडी घर मध्ये, दगडविटांचं वर. हा प्रकार उत्क्रांतीच्या नावावर खपला पण डार्विनशी त्याचा काही संबंध नाही. डार्विनचं चित्र झाडाचं आहे, फांद्या फुटत जातात, कुठलीही फांदी दुसरीपेक्षा "पुढे" नसते. जावा बघा. बोरोबुदुरच्या नवव्या शतकाच्या आसपासच्या कोरीव शिल्पांत खांबांवर उभी असलेली घरं स्पष्ट दिसतात. आज मध्य जावातलं पारंपरिक जोग्लो घर थेट जोत्यावर, जमिनीला टेकलेलं, आणि त्याच्या पुढचा मोकळा मांडव म्हणजे पेंडोपो, जो आपल्या मंडपाचाच भाऊ आहे. म्हणजे जावा-बालीत खांबांवरचं घर होतं आणि गेलं. याला प्रगती म्हणायचं की अधोगती? दोन्ही नाही, गुहेतल्या माशांचे डोळे जातात तसं एक वैशिष्ट्य गळालं, बस.

बरं, मग हे झाड आहे तरी कुठून आलेलं? इथे भाषावाले मदतीला येतात. इंडोनेशियातल्या बहुतेक भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, सुमारे १२०० भाषांचं हे कुळ, पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं. २००९ मध्ये रसेल ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ४०० भाषांचे मूळ शब्द कॉम्प्युटरला घालून, जीवशास्त्रज्ञ प्रजातींची वंशावळ काढतात त्याच पद्धतीनं, या भाषांची वंशावळ काढली आणि उत्तर आलं की मूळ तैवानात, सुमारे ५२०० वर्षांपूर्वी. तिथून फिलिपिन्स, मग इंडोनेशिया, मग पॅसिफिक. अशी वंशावळ हाताशी आली की तिच्या फांद्यांवर बाकीच्या गोष्टी टांगून बघता येतात. त्याच वर्षी फियोना जॉर्डन आणि इतरांनी लग्नानंतर कोण कुणाकडे राहायला जातं हे त्या झाडावर मांडलं, आणि निष्कर्ष असा की अगदी सुरुवातीच्या ऑस्ट्रोनेशियन समाजात नवराच बायकोच्या घरी राहायला जात असावा. आता हे घरांशी कसं जोडायचं? पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं रुमाह गदांग, म्हणजे मोठं घर, हे बायकांच्या मालकीचं, आईकडून मुलीकडे जाणारं, मागच्या बाजूला ओळीनं खोल्या आणि त्या लग्न झालेल्या मुलींसाठी. बाहेरच्या माणसाला हे जगावेगळं वाटतं. झाडावर ठेवून बघितलं तर वेगळीच शक्यता दिसते, की त्यांनी काही नवं काढलं नसेल, बाकीच्यांनीच जुनं सोडलं असेल.

पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि तो १८८० च्या दशकातच लोकांना दिसला होता. टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं लंडनमध्ये जगभरच्या समाजांच्या चालीरीतींचा मोठा तक्ता मांडला, आणि समोर बसलेल्या गाल्टननं (हा डार्विनचा नातलग) विचारलं, की बाबा यातली किती उदाहरणं खरोखर स्वतंत्र आहेत? दोन गावांत एकच पद्धत दिसते, ती दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाली असेल, किंवा एकानं दुसऱ्याची उचलली असेल, किंवा दोघांनाही एकाच अडचणीतून तेच उत्तर सुचलं असेल. तिन्हींचा निकाल डोळ्यांना सारखाच दिसतो. कोकणात पाऊस धो धो म्हणून छप्पर उतरतं, सुमात्रात पाऊस धो धो म्हणून छप्पर उतरतं, यावरून दोघांचा खापरपणजोबा एक असं कुणी म्हणालं तर आपण हसू. पण खांबांवरच्या घराबद्दल अगदी हेच विधान लोक बिनधास्त करतात. पुराचं पाणी, चिखल, डास, साप, शत्रू, खालून येणारा गारवा, एवढी कारणं असली की खांबांवर घर बांधायची अक्कल कुठेही येऊ शकते.

म्हणून नातं शोधायचं तर उपयोगी गोष्टी बघू नका, विचित्र गोष्टी बघा. ज्या गोष्टीचं काही खास काम नाही, जी दुसऱ्या शंभर प्रकारे करता आली असती, तीच दोन लांबच्या ठिकाणी सापडली तर तिथे नात्याचा वास येतो. उदाहरणार्थ घराच्या कण्याच्या (म्हणजे छपराच्या सर्वात वरच्या आडव्या लाकडाच्या) दोन टोकांना एकमेकांना छेदून वर गेलेली शिंगं. मादागास्करमधल्या मेरिना लोकांतल्या उमरावांच्या जुन्या लाकडी घरांना ही शिंगं होती, आणि मादागास्करची भाषा आफ्रिकेतली नाही, तिची सर्वात जवळची नातलग दक्षिण बोर्निओत सापडते. भाषा आणि शिंगं दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा जरा विश्वास बसतो. जरा म्हटलं, कारण अशीच छेदलेली शिंगं जपानच्या इसे मंदिरावरही आहेत आणि जपानी भाषा या कुळातली नाही!

या शिंगांबद्दल गाउडेन्झ डोमेनिग नावाच्या स्विस वास्तुतज्ज्ञाचा विचार फार मजेशीर आहे. तो म्हणतो, छपराच्या अगदी जुन्या, साध्या बांधणीत दोन बाजूंची लाकडं वर एकमेकांना छेदून बांधायची, त्यांची टोकं आपोआप बाहेर राहायची. पुढे बांधणी बदलली, टोकं बाहेर काढायची गरज राहिली नाही, पण डोळ्याला सवय झाली होती, म्हणून लोक वेगळी कोरलेली शिंगं करून तिथे ठोकायला लागले. माणसाच्या माकडहाडाची गोष्ट हीच नाही का? काम गेलं, खूण उरली, आणि खुणेला नंतर नवा अर्थ मिळाला, की ही म्हशीची शिंगं, ही शक्तीची निशाणी.

आता ते प्रसिद्ध छप्पर, मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच गेलेलं, ज्याला घोड्याच्या खोगिराचं नाव मिळालंय. सुमात्रातले तोबा बाताक, सुलावेसीतले तोराजा आणि मिनांगकाबाऊ, या तिन्ही लोकांकडे वेगवेगळ्या तऱ्हेचं आहे, आणि प्रत्येक पर्यटकाला गाइड सांगतो की हे जहाज आहे, पूर्वज जहाजातून आले, जहाज उलटं करून त्याखाली राहिले. १९३६ मध्ये फ्रोकलागे नावाच्या अभ्यासकानं हे सिद्धांत म्हणून गंभीरपणे मांडलंसुद्धा. ऐकायला गोड आहे, आणि तोराजा लोक स्वतःही पूर्वज होड्यांतून आल्याचं सांगतात, त्यामुळे ते खोटं ठरवायला जीवावर येतं. पण असलीच छपरं व्हिएतनामकडच्या डोंग सॉन संस्कृतीच्या कांस्य ढोलांवर कोरलेली आहेत, आणि चीनच्या युनानमध्ये तिएन सरोवराकाठी दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत कांस्याची छोटी घरं सापडली, त्यांनाही खांब आहेत आणि बाहेर झुकलेला लांब कणाही. युनानला समुद्रच नाही! जहाजाचा अर्थ लोकांनी नंतर लावला असावा, आणि तो अर्थ आजच्या घराला खराच आहे, त्यात वाद नाही, पण अर्थ म्हणजे उगम नव्हे. उत्क्रांतीच्या अभ्यासात ही चूक सगळ्यात जास्त होते, आज जे काम दिसतं तेच मुळातलं कारण समजायचं. लांब कणा बाहेर काढला की त्याखालच्या त्रिकोणी तोंडावर पाऊस येत नाही आणि ते उघडं ठेवून धूर बाहेर सोडता येतो, एवढं साधं कारणही सुरुवातीला पुरेसं झालं असेल.

शिवाय डोंग सॉनचे ढोल व्यापारातून इंडोनेशियाभर फिरले. सुंबावाजवळच्या सांगेयांग बेटावर सापडलेल्या ढोलावर तर खांबांवरचं अख्खं घर कोरलंय, खाली जनावरं, मधे माणसं, वर कोठाराचा माळा. म्हणजे छपराची कल्पना पूर्वजांकडून आली की ढोलावरचं चित्र बघून, की येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून? इथे झाडाचं चित्र अपुरं पडतं. क्रोबर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये दोन झाडं शेजारी शेजारी काढून दाखवली होती, जीवसृष्टीच्या झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की फुटल्या, आणि संस्कृतीच्या झाडाच्या फांद्या फुटून पुन्हा एकमेकींत घुसतात. वडाच्या पारंब्या म्हणा हवं तर.

मग करायचं काय? अख्खं घर एक प्राणी समजणं सोडून द्यायचं, आणि घराचे भाग सुटे करून प्रत्येकाची वंशावळ वेगळी बघायची. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातून हाताला लागण्यासारखी गोष्ट हीच. पाया एका वाटेनं येतो, छप्पर दुसऱ्या, कोरीवकाम तिसऱ्या, आणि प्रत्येकाचा बदलण्याचा वेगही वेगळा. २००८ मध्ये रॉजर्स आणि एर्लिख यांनी पॉलिनेशियातल्या होड्यांवर हे तपासलं होतं, होडी तरंगायला आणि चालायला लागणारे भाग एकीकडे आणि नक्षीकाम दुसरीकडे, आणि निघालं असं की कामाचे भाग हळू बदलतात, नक्षी भराभर. कारण उघड आहे, नक्षी चुकली तर कुणी बुडत नाही.

घरांनाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. सुलावेसीच्या डोंगरातली तोराजांची तोंगकोनान घरं घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, डच लोक नुकतेच तिथे शिरले होते (१९०६ मध्ये) त्या काळातल्या फोटोंत जुन्या घरांची छपरं बरीच बसकी, बाक अगदी थोडा. पुढे बाक वाढत गेला, टोकं पुढे पुढे आली, इतकी की त्यांना आधार द्यायला घरापुढे स्वतंत्र उंच खांब लागतो, त्याला तुलाक सोंबा म्हणतात, आणि त्या खांबावर अंत्यविधीत कापलेल्या रेड्यांची शिंगं एकावर एक लावायची. शिंगं जितकी जास्त तितकं घराणं मोठं. पूर्वी भरगच्च कोरलेलं घर बांधायचा मान ठरावीक घराण्यांनाच असायचा, मग ती बंधनं सैल झाली, बाहेरगावी गेलेली मुलं पैसे पाठवायला लागली, पर्यटक आले, आणि ज्याच्याकडे पैसा त्यानं शेजाऱ्यापेक्षा जरा जास्त बाक असलेलं छप्पर उभं केलं. ही मोराच्या पिसाऱ्याची गोष्ट आहे. पिसारा उडायला अडचणीचा, पण तो परवडतो हेच तर दाखवायचं असतं. आणि गंमत बघा, बांबूच्या फाकी एकावर एक रचून केलेलं जड छप्पर जाऊन पत्रा आला तरी बाक काही कमी झाला नाही.

याउलट खांबांचं टोक. सुंबा बेटावर उंच शिखरासारख्या छपराची घरं असतात, मध्यभागी चूल, तिच्याभोवती चार मुख्य खांब, आणि त्या खांबांच्या वरच्या टोकाला लाकडाची गोल चकती. बाकी फिलिपिन्स-इंडोनेशियात अशी चकती कुठे दिसते तर धान्याच्या कोठारांना, उंदीर खांबावरून चढत आला की चकतीखाली अडतो म्हणून. तोराजांच्या कोठाराला चकती नसते, त्यांनी वेगळी युक्ती केली, खांबच गुळगुळीत माडासारख्या झाडाचे घेतले की उंदराचे पाय घसरतात. आता सुंबातल्या राहत्या घराच्या आत, चुलीशेजारी, या चकत्या काय करतात? वर माळ्यावर धान्य असतं हे एक उत्तर. पण कोजी सातो नावाच्या जपानी अभ्यासकानं थेट असंच मांडलं की खांबांवरचं घर मुळात कोठारातूनच निघालं, धान्याला सुरक्षित ठेवायला काढलेल्या जागेत हळूहळू माणसं राहायला गेली. हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या डोंगरातल्या इफुगाओ लोकांची छोटी घरं आणि कोठारं शेजारी उभी केली की सातोचं म्हणणं डोळ्यांना पटायला लागतं, घरालासुद्धा चकत्या!

घराच्या खालच्या मोकळ्या जागेचंही तसंच. ती ठेवली होती ओल आणि जनावरं टाळायला, मग तिथेच डुकरं-म्हशी बांधल्या गेल्या, बायकांचे माग तिथे लागले, आणि आता मोटरसायकल उभी असते, कुठे कुठे तर छोटं दुकान. एका कामासाठी आलेली गोष्ट दुसऱ्याच कामाला लागणं, याला गूल्ड आणि व्हर्बा या जीवशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये वेगळं नावही दिलं, पक्ष्यांची पिसं आधी उबेसाठी, उडणं नंतर, तो प्रकार.

एकाच समाजाच्या आतला फरक तर फार लोक बघतच नाहीत. मिनांगकाबाऊंच्या दोन परंपरा, कोटो पिलियांग आणि बोडी चानियागो. पहिल्यांच्या मोठ्या घरात दोन्ही टोकांची जमीन पायरीपायरीनं उंच, कारण तिथे मानाची उतरंड पाळतात, आणि दुसऱ्यांकडे जमीन सपाट, कारण त्यांच्यात सगळे समान बसणार. बाहेरून छप्पर तेच, त्याची शिंगासारखी वर गेलेली टोकं, म्हणजे गोंजोंग, तेच. हेच लोक काही शतकांपूर्वी समुद्र ओलांडून मलाय द्वीपकल्पात नेगेरी सेंबिलानला गेले, तिथल्या त्यांच्या जुन्या घरांचं छप्पर बघा, टोकांना हलकासा बाक उरलाय फक्त. थोडी माणसं नवीन जागी गेली की सोबत सगळं सामान जात नाही, सगळे सुतार तर नाहीच नाही, आणि भोवती मलाय शेजारी. बेटावर उडून गेलेल्या चार पक्ष्यांची संतती मूळ कळपापेक्षा वेगळी निघते ते याच हिशोबानं.

इथेच मला १९७५ मध्ये जकार्तात उघडलेल्या तामान मिनी पार्कबद्दल तक्रार आहे. प्रत्येक प्रांताचं एक एक पारंपरिक घर तिथे बांधून ठेवलंय, शाळेच्या सहली जातात, छान आहे, पण त्यातून डोक्यात बसतं की पश्चिम सुमात्रा म्हणजे हे घर, दक्षिण सुलावेसी म्हणजे ते घर. संग्रहालयात टाचणी टोचलेलं एक फुलपाखरू म्हणजे अख्खी प्रजाती, असं मानण्यासारखंच हे. वॉलेसनं एकेका जातीची डझनांनी फुलपाखरं गोळा केली ती उगाच नाही, त्यांच्यातला आपसातला फरक हाच तर उत्क्रांतीचा कच्चा माल. एकाच गावातली वीस घरं मोजून काढली तर त्यातून जे कळेल ते वीस प्रांतांच्या वीस नमुन्यांतून कळणार नाही.

घराचे भाग सुटे करा म्हटलं खरं, पण काही भाग एकमेकांना बांधलेले असतात, तेही विसरून चालत नाही. धूर हे त्याचं उत्तम उदाहरण. या घरांना धुराडं नसतं, चूल आत, धूर गवताच्या किंवा ताडाच्या तंतूंच्या छपरातून झिरपत बाहेर जातो. डोळे चुरचुरतात, खोकला होतो, सगळं खरं, पण त्याच धुरानं छपरातले किडे मरतात, गवत कोरडं राहून जास्त टिकतं, आणि माळ्यावरचं धान्य-मका पोरकिडीपासून वाचतो. तिमोरमध्ये आतोनी लोकांची गोल, जमिनीपर्यंत गवताची, मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, आत कायम धूर. सरकारनं हे आरोग्याला वाईट म्हणून मागे लागून चौकोनी, खिडक्यांची घरं बांधायला लावली. लोकांनी बांधली, पुढे. आणि मागे गोल घर ठेवलं, स्वयंपाकाला आणि मका साठवायला, कारण चौकोनी घरात मक्याला धूर कुठून देणार? सरकारला वाटलं जुनं घर गेलं, ते फक्त परसात सरकलं होतं.

उलटही होतं. फ्लोरेसमधलं वाए रेबो गाव, डोंगरात चालत जावं लागतं, तिथली म्बारू नियांग म्हणजे पाच मजली शंकूसारखी घरं, तळाला माणसं आणि वर वर धान्य, बियाणं, अगदी टोकाला पूर्वजांसाठी नैवेद्य. मूळच्या सातांपैकी चारच उरली होती. मग जकार्ताचे आर्किटेक्ट आले, पैसे उभे राहिले, आणि गावकऱ्यांनीच जुनं घर उलगडत उलगडत बांधणी पुन्हा शिकून बाकीची उभी केली, २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. आता सात आहेत. पण लाकडापेक्षा जास्त अडचण होती बांधणी माहीत असलेल्या म्हाताऱ्यांची, ती एक पिढी गेली असती तर घर उभं असून नियम मेलेला असता. आणि आता ही घरं टिकायचं कारण शेती किंवा पूर्वज एवढंच राहिलं नाही, रात्री मुक्कामाला येणारे पर्यटक हेही आहे, म्हणजे निवड करणाराच बदलला.

शेवटी नियास, नाहीतर विषय अर्धा राहील. सुमात्राच्या पश्चिमेला हे बेट, भूकंपाच्या पट्ट्यावर. वॉलेसला मकासरला जे दिसलं नाही ते इथे भरभरून आहे, घराखाली उभ्या खांबांच्या मधून व्ही आकाराचे जाडजूड तिरके खांब, लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर नुसते ठेवलेत, त्यामुळे बुंधा कुजत नाही आणि जमीन हलली की घर खांबांसकट थोडं सरकतं, मोडत नाही. काही घरांत तिरक्या खांबांच्या बेचक्यात मोठाले दगड ठेवून वजन वाढवलेलं असतं. २८ मार्च २००५ ला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, सिमेंट-विटांची घरं धडाधड पडली, आणि जुनी लाकडी घरं बहुतांशी उभी राहिली. दक्षिणेकडच्या बावोमातालुओ गावातलं एकोणिसाव्या शतकातलं सरदाराचं घर तर अजून आहे.

मग झालं ना सिद्ध, भूकंपानं हे तिरके खांब घडवले? थांबा. बाताकांच्या आणि मिनांगकाबाऊंच्या डोंगरातूनही सुमात्राची मोठी भूकंपरेषा जाते, पण तोबा बाताकांनी तिरके खांब न घेता खांबांना भोकं पाडून आडवी लाकडं आरपार घातलीत, खालचा सांगाडा पिंजऱ्यासारखा घट्ट. तीच अडचण, वेगळं उत्तर, दोन्ही चालतात. आणि नियासमध्ये सगळ्यात जाड तिरके खांब सरदारांच्या सगळ्यात उंच घरांना, म्हणजे त्यात मिरवण्याचाही भाग आहेच. भूकंपानं वाईट उत्तरं गाळली असतील, चांगलं कोणतं निवडायचं हे काही त्यानं सांगितलं नाही.

आणि २००५ नंतर नियासमध्ये काय जास्त बांधलं गेलं? सिमेंटची घरं. कारण जुन्या घराला लागतील तेवढी जाड झाडं आता मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, आणि मदतीचा पैसा सिमेंटच्या घराला मिळतो. मजबूत असणं आणि नक्कल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उत्क्रांती दुसरीलाच मोजते. त्या मापानं आज इंडोनेशियातला सगळ्यात यशस्वी वास्तुभाग बहुतेक मिनांगकाबाऊंचा गोंजोंग ठरेल, पश्चिम सुमात्रातल्या पादांग शहरातल्या बँका आणि सरकारी ऑफिसांच्या डोक्यावर पत्र्याचा नाहीतर काँक्रीटचा, आणि देशभरातल्या पादांग खानावळींच्या पाट्यांवर नुसता रंगवलेला.